बदली पिल्लू घेऊ का?

मागच्या अंकात लसीकरणाबद्दल लिहिताना एक वाक्य जाता जाता लिहिलं होतं: पहिली लस टोचण्याआधी डॉक्टरांना पिल्लाची छाती नीट ऐकायला सांगा. त्या वाक्यावर या महिन्यात इतकी पत्रं आली की गोचिडांचे आणि केस गळण्याचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवावे लागले. हृदयाचे जन्मजात दोष हा विषय माझ्या फार जवळचा आहे. का, ते पहिल्याच उत्तरात येईल. सगळ्या पत्रांना सारखी जागा देता आलेली नाही, त्याबद्दल माफी असावी.

प्रश्न : आमचा ब्रूनो गोल्डन रिट्रीव्हर होता. कागदपत्रांसकट घेतला होता. वर्षाचा झाल्यावर लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, छातीत आवाज येतोय, इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. पुण्याला जाऊन केला. रिपोर्टमध्ये ‘सबएऑर्टिक स्टेनोसिस’, वेग ५.२ असं लिहिलं होतं. गोळ्या सुरू केल्या. चौदाव्या महिन्यात एका सकाळी मैदानावर चेंडूमागे धावताना तो कोसळला आणि जागीच गेला. चेंडू मीच फेकला होता. मुंबईला नेऊन फुग्याचं ऑपरेशन केलं असतं तर तो वाचला असता का? ब्रीडर माणूस भला आहे, फोनवर रडले. म्हणाले, त्याच जोडीची पिल्लं दिवाळीच्या सुमारास होतील, त्यातलं एक तुम्हाला फुकट देतो. आई-बाप दोघंही धडधाकट आहेत, बापाला तर शोमध्ये बक्षिसं आहेत. माझी नऊ वर्षांची मुलगी रोज विचारते. पिल्लू घेऊ का? तो चेंडू मी फेकायला नको होता, हे मनातून जात नाही.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, त्या जोडीचं पिल्लू घेऊ नका. फुकट नको आणि विकतही नको.

पण आधी चेंडूबद्दल. रिपोर्टमधला ५.२ हा आकडा म्हणजे हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा वेग, सेकंदाला ५.२ मीटर. त्या आकड्याचा वर्ग करून चारने गुणलं की अडथळ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक मिळतो. ब्रूनोचा हिशेब १०८ वर जातो. पन्नासच्या आत असला तर सौम्य, पन्नास ते ऐंशी मध्यम, ऐंशीच्या वर तीव्र. इतका तीव्र दोष असलेली बरीच कुत्री पहिल्या तीन वर्षांतच जातात. कोणी धावताना जातं, कोणी बेल वाजली म्हणून दाराकडे झेपावताना. मी झोपेत गेलेलीही पाहिली आहेत. त्या सकाळी चेंडू फेकला नसता तर ती वेळ दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी आली असती.

मुंबईचा प्रश्नही मनातून काढून टाका. अमेरिकेत २००५ साली तीव्र दोषाच्या कुत्र्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही कुत्र्यांचा अडथळा फुग्याने रुंद केला होता, काहींना नुसती अटेनोलॉलची गोळी दिली होती. दोन्हीकडची कुत्री साधारण सारखाच काळ जगली. ब्रूनोला जे द्यायला हवं होतं तेच तुम्ही देत होतात.

आता तो आजार काय होता ते सांगते, कारण बदली पिल्लाचं उत्तर त्यातच आहे. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शुद्ध रक्त महारोहिणीत जातं. त्या दारात तीन पाकळ्यांची झडप असते. ब्रूनोची झडप चांगली होती. तिच्या खालच्या बाजूला, दाराला उंबरा असावा तशी, पांढऱ्या चिवट तंतूंची कडा तयार झाली होती. काहींमध्ये ती अर्धवट असते, काहींमध्ये पुरतं कडं होतं. रक्त त्या चिंचोळ्या वाटेने ढकलायचं म्हणून स्नायू जाड होत जातो. जाड स्नायूला स्वतःलाच जास्त रक्त लागतं, आणि नेमकं तेच पुरेसं मिळत नाही. कुत्रा जोरात पळाला की उपाशी पडलेल्या त्या स्नायूतून वेडेवाकडे ठोके सुटतात, लय तुटते आणि काही क्षणांत शुद्ध हरपते.

हा उंबरा जन्मतः पूर्ण झालेला नसतो. जन्मानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत तो वाढतो, वर्षभरापर्यंत घट्ट होत जातो. त्यामुळे दोन महिन्यांच्या पिल्लाची छाती अगदी स्वच्छ ऐकू येऊ शकते. ‘दिलं तेव्हा डॉक्टरांनी पास केलं होतं’ असं तुमचे ब्रीडर म्हणत असतील तर ते खरंही असेल.

आई-बाप धडधाकट आहेत म्हणता, तेही खरं असेल. उंबरा बारीक असला तर कुत्र्याला आयुष्यभर काही होत नाही. तो धावतो, बक्षिसं मिळवतो, त्याची पिल्लं होतात. शोचा परीक्षक केस बघतो, चाल बघतो, दात मोजतो. छातीला कान कोणी लावत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉ. डोनाल्ड पॅटरसन यांनी या विषयात उभं आयुष्य घातलं. न्यूफाउंडलँड जातीतला हाच दोष आनुवंशिक असल्याचं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष पैदास करून १९७६ साली दाखवून दिलं. त्याचा वारसा सरळसोट नाही. एखाद्या कुत्र्याच्या छातीत काहीच ऐकू येत नाही, तरी तो दोष पिल्लांत उतरवतो. गोल्डनच्या बाबतीत रक्त तपासून ‘हा कुत्रा वाहक आहे’ असं खात्रीने सांगणारी चाचणी आपल्या हातात नाही. मग आई-बापांची परीक्षा कशी करायची? त्यांच्या पिल्लांवरून. ब्रूनो हाच त्या जोडीचा रिपोर्ट आहे.

ताई, हे मी पुस्तकातून सांगत नाही. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून साताऱ्यात दवाखाना थाटला, त्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. श्रावणातली एक संध्याकाळ होती. बाहेर बाकावर सात-आठ जण, दोन कुत्री एकमेकांवर भुंकतायत, डोक्यावर पंखा खडखडतोय. साडेतीन महिन्यांचं रॉटवायलरचं पिल्लू शेवटच्या लसीला आलं. डाव्या बाजूला खाली, जिथे ठोका हाताला लागतो तिथे, मी दहा सेकंद स्टेथोस्कोप ठेवला आणि लसीच्या वहीत लिहिलं : हृदय नॉर्मल. अकराव्या महिन्यात यवतेश्वरच्या चढावर मालकासोबत पळताना ते गेलं. मालक वही घेऊन आले. भांडायला नव्हते आले, नुसती वही टेबलावर ठेवली. निळं कव्हर, आत माझं अक्षर.

त्यांना ब्रीडरने बदली पिल्लू दिलं. तीच जोडी. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तेव्हा मी काय सांगितलं असतं कोण जाणे. ते पिल्लू चार महिन्यांचं असताना मी पंखा बंद करून, दार लावून ऐकलं. डाव्या बाजूला झडपेच्या जागी खरखर होती, उजवीकडे होती, आणि गळ्याच्या रोहिणीवर स्टेथोस्कोप ठेवला तर तिथपर्यंत चढलेली होती. त्या घरात दोन वर्षांत दोनदा खड्डा खणला गेला. म्हणून तुमच्या पत्रातले ‘त्याच जोडीची पिल्लं’ हे तीन शब्द वाचल्यावर मला पुढे वाचवेना.

तुमचे ब्रीडर भले आहेत ना, मग त्यांना हे कळायलाच हवं. फोनवर नको, लिहून द्या. मी मजकूर देते, हवा तसा बदला :

‘ब्रूनोच्या इकोचा रिपोर्ट सोबत जोडला आहे. हा दोष आनुवंशिक आहे. कृपया ही जोडी पुन्हा लावू नका. ब्रूनोच्या सगळ्या भावंडांच्या घरी कळवा आणि त्यांची छाती तपासून घ्यायला सांगा, त्यांना पिल्लं होऊ देण्याआधी तर नक्कीच. आई-बाप दोघांचाही डॉपलर इको (रक्ताचा वेग मोजणारा) करून घ्या.’

शेवटच्या वेतात सात-आठ पिल्लं असतील तर आज कुठल्या तरी सात-आठ घरांत ती खेळतायत. त्यातल्या एखाद्याला वेळेत कळलं तर त्याची पळापळ आवरता येईल, गोळी सुरू करता येईल. दात काढताना किंवा जखम चिघळल्यावर प्रतिजैविकं आधीच देता येतील, कारण अशा खडबडीत जागी जंतू पटकन बसतात. आणि तिसरी पिढी टळेल.

लेकीला पिल्लू जरूर आणा. घाई करू नका. गोल्डनच हवा असेल तर आई-बाप एक वर्षाचे झाल्यानंतर त्यांचं हृदय तपासल्याचा कागद मागा. ‘आमच्याकडे कधी असं झालं नाही’ हे उत्तर म्हणजे तपासलेलं नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्राच्या नियमांनी बंदी आहे, तेव्हा ‘पाच आठवड्यांचं आहे, लवकर न्या’ म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. घरी आणल्यावर छाती तीनदा ऐकवा : आणल्याच्या आठवड्यात, सहा महिन्यांनी, वर्ष झाल्यावर. पहिल्या वेळी हलकासा आवाज ऐकू आला तर हातपाय गाळू नका. बऱ्याच पिल्लांत निरुपद्रवी मर्मर, म्हणजे हृदयातला जादा आवाज, असतो आणि पिल्लू चार-पाच महिन्यांचं होईतो आपोआप जातो. जो जात नाही, किंवा वाढत जातो, त्याचा इको करायचा.

प्रश्न : आमची चेरी तीन महिन्यांची पॉमेरेनियन, वजन पावणेदोन किलो. मांडीवर घेतलं की छातीत मांजर घुरघुरल्यासारखं हाताला लागतं. इथल्या डॉक्टरांनी ‘हृदयाला भोक आहे, जास्त जगणार नाही, करण्यासारखं काही नाही’ असं सांगितलं. ती तर दिवसभर उड्या मारते. खरंच काही करता येणार नाही?
(एक वाचक, कुडाळ)

उत्तर : दादा, हे उत्तर अंक छापून येण्याआधीच तुम्हाला पत्राने पाठवलं आहे, कारण यात वेळ महत्त्वाची आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे भोक नसून उघडी राहिलेली नळी असण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि तसं असेल तर करण्यासारखं खूप काही आहे. हृदयाच्या जन्मजात दोषांपैकी पूर्ण बरं होण्याची सर्वांत जास्त आशा यातच असते.

पिल्लू आईच्या पोटात असताना फुप्फुसं बंद असतात. म्हणून फुप्फुसाकडे जाणारं रक्त एका आखूड नळीतून थेट महारोहिणीत वळतं. या नळीला डक्टस म्हणतात. जन्मल्यावर पहिला श्वास घेतला की तिच्या भिंतीतला स्नायू आवळतो आणि दोन-तीन दिवसांत ती मिटते. पूडलवरच्या अभ्यासात पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की दोष असलेल्या पिल्लांत त्या भिंतीत स्नायू पुरेसा नसतोच, त्याच्या जागी महारोहिणीसारखी लवचिक भिंत असते. आवळायला काही नाही, तर मिटणार कशी? रक्त उलट वाटेने सतत फुप्फुसात शिरत राहतं आणि डावं हृदय फुगत जातं. पूडल, पॉमेरेनियन, माल्टीज, जर्मन शेफर्ड या जातींत हे जास्त, आणि नरांपेक्षा माद्यांत कितीतरी जास्त. (आपल्याकडे ‘पॉम’ म्हणतात त्यातली बरीच मुळात इंडियन स्पिट्झ असतात. उपचारात त्याने फरक पडत नाही.)

तुमच्या डॉक्टरांना एक विनंती करा. पंखा बंद करून स्टेथोस्कोप चेरीच्या डाव्या पुढच्या पायाच्या वर, अगदी काखेत सरकवा. एवढंसं पिल्लू धापा टाकत असतं, तेव्हा चार-पाच सेकंद तोंड हलकेच मिटून धरावं. नळी उघडी असली की तिथे आवाज ठोक्यागणिक तुटत नाही, पिठाच्या गिरणीसारखा अखंड चालू राहतो. खाली नेहमीच्या जागी ऐकलं तर तो बऱ्याचदा अर्धवटच ऐकू येतो. मागच्या मांडीच्या आतली नाडीही बघा, बोटाखाली टणटण उडते.

हे जुळलं तर आठवड्याच्या आत डॉपलर इको करून घ्या. उपचार न झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त कुत्री वर्षभरात हृदय थकून जातात, म्हणून ‘मोठी झाली की बघू’ नको. मोठ्या कुत्र्यांत मांडीच्या रोहिणीतून जाळीचं छोटं बूच नेऊन नळी बंद करता येते. चेरीएवढ्या जिवाची रोहिणी त्यासाठी फार बारीक पडते, तिची छाती डाव्या बाजूने उघडून नळीला रेशमी दोऱ्याच्या गाठी मारतात. काम जोखमीचं आहे, नळीची मागची भिंत सोडवताना हात चुकला तर रक्तस्राव होतो. आपल्याकडे हे करणारे हात मोजके आहेत, त्यामुळे सर्जनना एकच प्रश्न सरळ विचारा : तुम्ही स्वतः अशा किती केल्या? सरावाच्या हातात बहुतेक सगळी पिल्लं वाचतात, आणि मग नेहमीचं पूर्ण आयुष्य जगतात. गाठ बसली त्या क्षणी हाताखालची घुरघुर थांबते. एकदा एका ऑपरेशनला मदतीला उभी असताना माझं बोट तिथे होतं. ती शांतता मी विसरलेली नाही.

इकोत रक्त उलटं वाहताना दिसलं, मागचा भाग निळसर पडत असला, तर मात्र नळी बंद करायची नसते. म्हणून इकोशिवाय कोणालाही छाती उघडू देऊ नका. आणि चेरी बरी झाली तरी तिला पिल्लं होऊ देऊ नका. गाठ नळीला बसते, वारशाला नाही. तब्येत सुधारली की गर्भाशय काढून घ्या.

प्रश्न : मी बारा वर्षं बॉक्सर पाळतो, वर्षाला एखादं वेत होतं. परदेशी रक्ताचा एक नर मोठी रक्कम देऊन आणला आहे. दोन वर्षांचा आहे, चॅम्पियन आहे, पण डॉक्टर म्हणतात, दुसऱ्या ग्रेडचा मर्मर आहे. त्याला काहीच त्रास नाही. बॉक्सरमध्ये असा आवाज असतोच असं काही जण म्हणतात. त्याला वापरू की नको?
(एक ब्रीडर, सोलापूर)

उत्तर : प्रश्न छापू दिलात याबद्दल मनापासून आभार. पैसे गुंतलेले असताना असं विचारायला धाडस लागतं.

‘बॉक्सरमध्ये असतोच’ हे अर्धं खरं आहे. या जातीत महारोहिणीचं दारच जरा अरुंद असतं, त्यामुळे उंबरा नसतानाही हलका मर्मर येतो. पण महारोहिणीचा आणि फुप्फुस रोहिणीचा, असे दोन्ही अडथळे याच जातीत बरेच आढळतात. ग्रेड एक-दोनचा, म्हणजे हलका, आवाज यातला कुठला, हे कानाने सांगणं मला जमत नाही, आणि जमतं म्हणणाऱ्यावर तुम्ही विसंबू नका. हृदयाचं काम नेहमी करणाऱ्याकडून डॉपलर करून घ्या. वेग सेकंदाला दोन मीटरच्या आत असेल आणि उंबरा दिसत नसेल तर नर वापरा. त्याहून थोडा वर असेल तर तो संशयाचा पट्टा आहे. अशा वेळी दोनच्या खूप खाली असलेल्या मादीशीच लावा आणि पिल्लं वर्षाची झाली की तपासा. अडीचच्या पुढे असेल, तर चॅम्पियन असला तरी थांबवा. फुप्फुस रोहिणीचाही वेग मोजायला सांगायला विसरू नका.

हे व्यर्थ जात नाही. इटलीतल्या बॉक्सरवाल्यांनी पैदाशीच्या कुत्र्यांचे इको सहा वर्षं सलग करून घेतले आणि दोषी कुत्री बाजूला काढली. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही दोषांचं प्रमाण घटलेलं दिसलं. ब्रिटनमध्ये डॉ. ब्रूस कॅटनॅक यांनी, जे स्वतः आनुवंशशास्त्रज्ञ होते आणि बॉक्सरही पाळायचे, तिथल्या क्लबांना हृदयतपासणीच्या वाटेला लावलं. म्हणजे सुरुवात पाळणाऱ्यांनीच केली, सरकारने नाही. तुमच्या एका नराची पिल्लं वर्षाला किती घरांत जातात याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करू शकता. लोकप्रिय नरामागे सगळे धावतात, तेव्हाच एक उंबरा शंभर छात्यांत पोचतो.

इको चांगला आला तर तो कागद पिल्लाच्या फाइलमध्ये लावा आणि त्याचे दोन पैसे जास्त घ्या. मी माझ्याकडे येणाऱ्यांना तुमचं नाव आनंदाने सांगेन.

प्रश्न : जर्मन शेफर्डचं पिल्लू, सहा आठवड्यांचं. दूध पीत होतं तोवर ठीक होतं. खिमट आणि भिजवलेली पेडिग्री सुरू केल्यापासून खाल्लेलं तसंच्या तसं बाहेर टाकतं. जंत झालेत का?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : जंत वाटत नाहीत. पोट आवळून, उबळ येऊन येते ती उलटी. मान खाली घालताच न पचलेलं, नळीच्या आकाराचं अन्न घसरून पडत असेल तर ते अन्ननलिकेतून परत येतंय. या जातीत महारोहिणी कधी कधी डावीकडे न वळता उजवीकडे वळते आणि अन्ननलिका रक्तवाहिन्यांच्या कड्यात अडकते. दूध सरकतं, घट्ट अन्न अडतं. बेरियम पाजून एक्स-रे काढा, याच आठवड्यात. आवळणारा दोर कापण्याचं ऑपरेशन जितकं लवकर तितकी अन्ननलिका कमी सैलावते. तोवर पातळ खाणं, पुढचे पाय स्टुलावर ठेवून, आणि खाऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसंच उभं धरायचं. नाहीतर अन्न फुप्फुसात जाईल.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमच्या गल्लीतल्या गावठी कुत्र्यांना हृदयाचे आजार का होत नाहीत?
(एक वाचक, कराड)

उत्तर : होतात, बाळा. पण गल्लीतलं असं पिल्लू दोन-तीन महिन्यांतच कुठेतरी आडोशाला जातं आणि आपल्याला कळतही नाही. तरी तुझं निरीक्षण बरोबर आहे. १९६८ साली डॉ. पॅटरसन यांनी दवाखान्यात आलेल्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जातिवंत कुत्र्यांत हे दोष संकरित कुत्र्यांपेक्षा जास्त निघाले, आणि प्रत्येक जातीचा दोषही ठरलेला : पूडलमध्ये उघडी नळी, न्यूफाउंडलँड आणि बॉक्सरमध्ये उंबरा, बुलडॉगमध्ये फुप्फुसाच्या झडपेचा अडथळा. जात टिकवायची म्हणून मोजक्याच कुत्र्यांपासून पिढ्यान् पिढ्या पिल्लं घेतली जातात. मग आईकडून आणि बाबांकडून सारखीच खराब चिठ्ठी मिळायची शक्यता वाढते. आपल्याकडच्या कारवानी किंवा मुधोळ कुत्र्यांची पैदासही दोन-चार घरांतल्याच कुत्र्यांत फिरत राहिली तर त्यांचंही तसंच होईल.

प्रश्न : आमच्या लॅब्रॅडोरला, सोनूला, उजव्या बाजूच्या झडपेचा जन्मजात दोष निघाला, ‘ट्रायकस्पिड डिस्प्लेसिया, सौम्य’. चार वर्षांचा आहे, खातो-पितो, खेळतो. औषध नको म्हणाले. आम्ही दोघंच घरी, वय सत्तरीच्या पुढे. आम्ही नेमकं काय बघत राहायचं?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : आजोबा, लॅब्रॅडोरमध्ये हा दोष घराण्यातून येतो हे पक्कं आहे. एका घराण्यात तर त्याची जागा नवव्या गुणसूत्रावर सापडली आहे. सौम्य असला तर अशी कुत्री छान म्हातारी होतात. तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे, आत्ता गोळी नको.

दोन गोष्टी करा. एक, सोनू गाढ झोपला की घड्याळ लावून मिनिटभर छाती किती वेळा वर येते ते मोजा. स्वप्नात पाय हलवत असेल तर थांबा, मग मोजा. तीसच्या आत असायला हवं. दोन दिवस सलग तीसच्या वर गेलं तर फोन करायचा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दोष उजव्या बाजूचा आहे, त्यामुळे हृदय थकलं तर पाणी आधी पोटात साठतं. कुत्रा लठ्ठ झाला असं वाटतं, पण पाठीचा कणा आणि बरगड्या वर येतात. रोज बघणाऱ्याच्या डोळ्याला ते उशिरा कळतं. म्हणून आजींच्या शिलाईच्या डब्यातली टेप घ्या. दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, तो उभा असताना शेवटच्या बरगडीच्या लगेच मागे घेर मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. पहिल्या चार रविवारचे आकडे मला पाठवा.